गोलपोस्टापुढचं गाऱ्हाणं

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर जन्माला आला तेव्हा रडला नसणार, त्याने थेट बोलायलाच सुरुवात केली असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सुईणीला तो 'दमलात का हो, बसा जरा' असं म्हणाला असेल आणि पाठोपाठ तिच्या माहेरची चौकशी केली असेल. बोलकी माणसं मी आजवर पुष्कळ पाहिली. विमा एजंट पाहिले, लग्नं जुळवणाऱ्या मावश्या पाहिल्या, तासाची घंटा झाल्यावर रंगात येणारे प्राध्यापक पाहिले. पण या सगळ्या मंडळींना समोर ऐकणारं कोणीतरी लागतं. आमच्या गोलकीपरची तेवढीही अट नव्हती. तो बॉलशी बोलायचा, गोलपोस्टशी बोलायचा, बुटाच्या निघत आलेल्या तळव्याशी बोलायचा, आणि यातलं काहीच हाताशी नसलं तर माझ्याशी बोलायचा. मी राइट बॅक होतो, त्यामुळे मैदानात त्याच्या सगळ्यात जवळ मीच असायचो. माझ्या पलीकडे लेफ्ट बॅक म्हणून घाटकोपरचा जिग्नेश उभा असायचा. त्याने पहिल्याच महिन्यात कानात कापूस घालायला सुरुवात केली. पावसाळी हवेने पोराचा कान दुखतोय असं समजून त्याची आई त्याला बिचारी रोज हळदीचं दूध पाजायची.

तेव्हा गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं आणि आम्ही अंधेरीच्या कॉलेजात शिकत होतो, म्हणजे पटावर होतो. आमच्या कॉलेजात खेळ म्हणजे क्रिकेट. बाकीच्या टीमा म्हणजे क्रिकेटमध्ये न घेतलेल्या मुलांचं पुनर्वसन. क्रिकेटवाल्यांना मॅचच्या दिवशी सँडविच मिळायचं आणि आम्हाला केळी मिळायची, तीही बहुधा त्यांनी नको म्हटलेली. जिमखान्याचे सर माणूस म्हणून फार चांगले, पण फुटबॉलच्या मॅचला ते पेशंटबरोबर दवाखान्यात आलेल्या नातेवाइकासारखे यायचे. बाकावर बसायचे, छत्री उघडायचे आणि पेपर वाचत कधी एकदा हे आटोपतं याची वाट बघायचे. त्यात फुटबॉलचा सीझन नेमका पावसाळ्यातला. आमच्या मैदानावर दोन्ही गोलसमोर जुलैत जे डबकं साठायचं, ते गणपती गेले तरी हटायचं नाही. दुसऱ्या कुठल्याही गोलकीपरने कुरकुर केली असती. आमच्याने त्या डबक्यातल्या बेडकाशी ओळख करून घेतली. "हे बघ, तू तुझ्या जागी, मी माझ्या जागी. बॉल आला की फक्त बाजूला हो," असं तो बेडकाला समजावत असताना मी स्वतः ऐकलंय. आणि बेडूक खरोखर बाजूला व्हायचा. तुम्हा दोन बॅकांपेक्षा त्याला पोझिशनची समज जास्त आहे, असं आमच्या गोलकीपरचं मत होतं, आणि ते तो दर मॅचला निदान एकदा तरी बोलून दाखवायचा.

कुठल्याही गोलच्या दोन खांबांना त्याने दिलेली नावं ठरलेली होती. डावे ते थोरले, उजवे ते धाकटे. शॉट खांबाला लागून परत आला की तो तिथल्या तिथे वळून "उपकार झाले हां थोरले" असं म्हणायचा, मग बॉल कुठे गेला ते बघायचा. या उलट्या क्रमापायी आम्ही काही गोल खाल्ले, पण आभार मानायचे राहून गेले असं त्याने कधी होऊ दिलं नाही. घराणं मूळचं देवगडकडचं. तो स्वतः मुंबईत वाढलेला, आमच्यासारखंच 'काय यार' आणि 'वाट लागली' बोलणारा, पण देवाशी बोलायचं झालं की त्याची जीभ आपोआप मालवणीवर जायची. कोकणात कुठलंही कार्य सुरू करताना गावातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले लोक दर मागण्याला एकसुरात होकार देतात. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. हे गाऱ्हाणं आमचा गोलकीपर दर मॅचच्या आधी थोरल्यांच्या पायाशी नारळ ठेवून घालायचा आणि आम्ही सगळ्यांनी अर्धगोल करून मागे उभं राहायचं असा नियम होता.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजा!" तो सुरू करायचा.

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडायचो.

"आज ही पोरां मैदानात उतरतत, तेंच्या पायाक बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्या गोलीच्या हाताक तेल लाव म्हाराजा! पण तेका दुखापत करू नको, तोय कोणाचो तरी झिल आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बॉल आमच्या हद्दीत येवचो नाय, असां कर म्हाराजा!"

या शेवटच्या मागण्याला सगळ्यात मोठा होकार आम्हा दोघा बॅकांचा असायचा. आंबोलीच्या चर्चमागे राहणारा आमचा कॅप्टन रॉनी आधी छातीवर क्रूस काढायचा आणि मग सगळ्यांच्या वरच्या पट्टीत 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. जिग्नेशच्या घरी स्वयंपाक्याला महाराज म्हणत असल्यामुळे आपण एवढ्या भक्तिभावाने जेवण कोणाकडे मागतोय हे त्याला बरेच दिवस उलगडलं नव्हतं, पण आवाजात तोही कमी पडायचा नाही. समोरच्या टीमची पोरं आमच्याकडे बघत राहायची. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही त्यांच्यावर जो काही दबाव आणायचो तो एवढाच.

त्याच्या बुटांच्या पिशवीत एक सुतळी असायची. गोलच्या रुंदीएवढी मोजून, टोकाला गाठ मारून ठेवलेली. कुठल्याही परक्या मैदानावर गेलो की हा आधी सुतळी काढून गोल मोजायचा. मुलुंडच्या एका मैदानावर बांबूचे तात्पुरते गोलपोस्ट होते आणि आमचा गोल वीतभर मोठा निघाला. मग काय विचारता! त्याने रेफरीला बोलावलं, दोन्ही टीमना बोलावलं, शेजारी म्हैस धूत असलेल्या भय्यालाही साक्षीला बोलावलं. शेवटी खड्डा नव्याने खणून एक खांब वीतभर आत घेतला तेव्हा कुठे मॅच सुरू झाली. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. तो दुरुस्त केलेला गोल आता समोरच्या टीमकडे गेला. आणि रॉनीने मारलेला अख्ख्या सीझनमधला सगळ्यात सुरेख शॉट बरोबर त्याच सरकवलेल्या खांबावर आपटून परत आला. रॉनी मागे वळून आमच्या गोलकडे बघत उभा राहिला. तिकडून आवाज आला, "कायद्याने वागलं की असं होतं कधी कधी, पण झोप शांत लागते!"

समोरून फॉरवर्ड बॉल घेऊन धावत आला की बाकीचे गोलकीपर हात पसरून उभे राहतात. आमचा त्याचं स्वागत करायचा. "या, या! उशीर केलात. चिखल फार आहे का वाटेत?" सीझनच्या आधी बोरिवलीच्या एका कॉलेजशी आमची दोस्तीखातर मॅच झाली, तेव्हाची गोष्ट. त्यांचा सेंटर फॉरवर्ड मनोरीचा होता, मोठा तयारीचा खेळाडू. मला आणि जिग्नेशला चकवून तो एकटा गोलसमोर आला. बॉलवर पाय मारणार तोच आमच्याने विचारलं, "तू मनोरीचा ना रे? जेटीवर सुकट विकते ती तुझी कोण? नाक अगदी तस्संच आहे!" तो पोरगा थबकला. "मावशी. का?" असं त्याने म्हणेपर्यंत आमच्याने पुढे होऊन त्याच्या पायातला बॉल उचलला होता. हा फाऊल धरायचा की नाही यावर रेफरीने बराच विचार केला. पण यात लबाडी मुळीच नव्हती. मॅच संपल्यावर दोघं मैदानाच्या कडेला बसून मावशीबद्दल बोलत राहिले आणि पुढच्या रविवारी आमचा गोलकीपर मार्व्याहून होडीने जाऊन त्या मावशीकडे जेवूनही आला. आमच्यासाठी त्याने येताना सुकट आणली. ती त्याने बुटांच्या पिशवीतूनच आणली, एवढंच आमचं म्हणणं होतं.

या सगळ्या बोलण्यात त्याची एक मोठी गोष्ट चालू असायची आणि ती खास माझ्यासाठी होती. त्याच्या एका काकांच्या लग्नाची. वऱ्हाड होडीत बसून खाडी ओलांडायला निघालं, मध्येच ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतून बसली. होडीत मुंडावळ्या बांधलेले काका, वाजंत्रीवाले, फणसाच्या टोपल्या आणि रागावलेली एक आत्या. पलीकडच्या काठावर नवरीचा मांडव दिसतोय आणि मुहूर्त टळत चाललाय. बॉल लांब असला की ही गोष्ट पुढे सरकायची, बॉल आला की थांबायची. आता आमच्याकडे बॉल सारखाच यायचा. त्यामुळे जुलैत चिखलात रुतलेलं ते वऱ्हाड ऑगस्ट संपत आला तरी तिथंच होतं. एकदा गोल खाऊन, तोंडभर चिखल पुसत उठताना तो म्हणाला, "हां, तर आत्या म्हणाली, 'मी काय चलत जातंय'—" तोवर पुढचा बॉल आला.

तो एवढा का बोलतो याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. कावळा ओरडतो, हा बोलतो, असंच आम्ही धरून चाललो होतो. एकदा मी मरोळला त्याच्या घरी गेलो. वडील लालबागच्या गिरणीत लूमवर होते. संप लांबला, मग गिरणी उघडली तेव्हा यांना परत घेतलं नाही. घरात ते खिडकीशी बसलेले होते. "ये" म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. धाकट्या बहिणी कोपऱ्यात अभ्यास करत होत्या, आई चुलीशी. सगळं घर कसं श्वास रोखून बसल्यासारखं. फक्त आमचा गोलकीपर पाट मांडताना, पाणी ठेवताना, बहिणीच्या वेणीला हिसडा देताना अखंड बोलत होता, आणि त्याच्या एखाद्या वाक्यावर वडिलांच्या मिशा किंचित हलायच्या. निघताना त्याची आई मला दाराशी म्हणाली, "ह्यो बोलता म्हणान ह्या घरात जीव आसा बाबा." त्या दिवसापासून काकांच्या लग्नाची गोष्ट ऐकताना मी मान वळवून हूं म्हणायला लागलो.

त्याचे हातमोजेही वडिलांनीच शिवलेले होते. गिरणीतून कधीकाळी आणलेल्या जाड कॅनव्हासच्या तुकड्याचे. ते पावसात भिजले की दगडासारखे जड व्हायचे आणि वाळले की नुसते उभे राहायचे. पण शिवण अशी, की सीझनभर एक टाका उसवला नाही.

सीझनभर आम्ही हरलोच. अंधेरीत हरलो, मुलुंडला हरलो, घाटकोपरला तर जिग्नेशची सगळी आळी बघायला आलेली असताना हरलो. जिग्नेशचे काका नंतर त्याला म्हणाले, "बेटा, तू दुकानावर बस." बरोबरीसुद्धा कधी साधली नाही. पण या हरण्यात एक गोष्ट घडत होती. आमच्या गोलवर इतका मारा व्हायचा, की आमच्या गोलकीपरला जेवढं काम मिळालं तेवढं मुंबईत दुसऱ्या कोणाला मिळालं नसेल. दहा शॉट अडवून चार सुटले तरी लोकांच्या लक्षात दहा राहायचे. हळूहळू त्याचं नाव व्हायला लागलं. आणि सीझन संपत आला तेव्हा जिमखान्याच्या सरांनी पेपर बाजूला ठेवून आम्हाला बातमी सांगितली. एका मोठ्या कंपनीच्या टीमला गोलकीपर हवा होता. कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसर सरांच्या हॉस्टेलमधले दोस्त. ते आमची शेवटची मॅच बघायला येणार होते, आणि पोरगा पसंत पडला तर त्याला टीममध्ये घेणार होते. कंपनीच्या टीममध्ये जागा म्हणजे पक्की नोकरी. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑफिसात खुर्ची, महिन्याला पगार.

ही बातमी आमच्या गोलकीपरने मरोळपासून जुहूच्या भेळवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली. बेडकालाही सांगितली. आईने उपास धरला. वडिलांनी खिडकीतून उठून मोजे हातात घेतले, तळव्याला आणखी एक थर शिवला आणि म्हणाले, "नीट बघून अडव." आठवडाभरात ते पहिल्यांदाच एवढं बोलले, असं तो मला सांगत होता. एवढं सांगून लगेच तो मोज्यांच्या दोऱ्याबद्दल बोलायला लागला.

शेवटची मॅच बोरिवलीच्या त्या मनोरीवाल्या टीमशी होती. आमच्या मैदानावर. पाऊस भुरभुरत होता. बाकावर सर आणि ते ऑफिसर एका मोठ्या काळ्या छत्रीखाली बसले होते. आम्ही आदल्या दिवशीच एकमेकांना बजावलं होतं, की उद्या जीव तोडून खेळायचं. साहेबासमोर आपल्या गोलकीपरला आपल्यापायी मान खाली घालायला लागता कामा नये. जिग्नेशने कानातला कापूस काढून फेकून दिला. गाऱ्हाणं झालं. त्या दिवशी 'व्हय म्हाराजा' असं निघालं, की झाडावरचे बगळे उडाले.

आणि आम्ही खेळलो. काय झालं होतं आम्हाला कुणास ठाऊक! जो जिग्नेश सीझनभर बॉलच्या मागे धावला, तो बॉलच्या आधी पोहोचायला लागला. माझ्या पायाला बॉल चिकटत होता. त्या मनोरीच्या फॉरवर्डला आम्ही दोघांनी हलू दिलं नाही. रॉनीने पुढे जाऊन गोल मारला. सीझनमध्ये पहिल्यांदाच आम्ही पुढे होतो. मागून गोलकीपरचा आवाज अखंड चालूच होता. "...तर इतक्यात भरती आली रे! पाणी चढलं, होडी हलली, वाजंत्रीवाल्यांनी पिपाणी काढली. आत्या म्हणाली, 'आता वाजवा मेल्यांनो.' होडी काठाला लागली, काका चिखलाच्या पायांनी बोहल्यावर चढले, अंतरपाट धरला, आणि लागलं एकदाचं लग्न!"

मी खूश होऊन मागे वळलो आणि त्याच्याकडे बघतच राहिलो. लग्न लागलं होतं. सीझनभर न लागलेलं लग्न लागलं होतं, म्हणजे सगळा हाफ बॉल त्याच्याकडे फिरकलाच नव्हता! त्याचे मोजे स्वच्छ होते. अंगावर चिखलाचा एक शिंतोडा नव्हता. आणि मग मला मघाचं गाऱ्हाणं आठवलं. सवयीने तो तेच बोलून गेला होता. बॉल आमच्या हद्दीत येवचो नाय, असां कर म्हाराजा. सवयीने आम्हीही तोंडभरून होकार दिला होता. सीझनभर देवाने ज्या मागण्याकडे ढुंकून बघितलं नाही, ते त्याने नेमकं आजच मनावर घेतलं होतं.

हाफटाइमला तो नेहमीप्रमाणे पलीकडच्या गोलच्या खांबांना नमस्कार करायला निघून गेला. तेवढ्यात मी रॉनीला आणि बाकीच्यांना गोळा केलं.

"अरे, साहेब गोली बघायला आलाय आणि आपण त्याला बॉलच दिसू देत नाही!"

सगळ्यांनी बाकावरच्या छत्रीकडे बघितलं. मग रॉनी म्हणाला, "येऊ द्या त्यांना मग. सोडा जरा."

"सोडा म्हणजे?" जिग्नेश जवळजवळ ओरडलाच. "आपण जिंकतोय यार! लाइफमध्ये पहिल्यांदा!"

"ठाऊक आहे ना मला."

"आणि गोल झाला तर?"

"नाही होणार," रॉनी म्हणाला. "तो आहे ना."

ज्या पोराने सीझनभर ओंजळीतून पाणी गळावं तसे गोल सोडले होते, त्याच्याबद्दल रॉनी हे बोलत होता, आणि आम्हा कोणालाही त्यात काही चूक वाटली नाही. जिग्नेशने लांब खांबांपुढे हात जोडून उभ्या असलेल्या त्या आकृतीकडे बघितलं, चिखलात थुंकला आणि म्हणाला, "चालेल."

दुसऱ्या हाफमध्ये जिग्नेश असा काही घसरून पडायला लागला, की त्याला नाटकात बक्षीस मिळालं असतं. मी उलट्या दिशेला धावलो. आमची फळी उघडली आणि मारा सुरू झाला. पहिला शॉट त्याने छातीवर घेतला. दुसरा पायाने काढला. मी चोरून बाकाकडे बघत होतो. छत्री मैदानाकडे कललेली होती, साहेबांचं तोंड काही दिसत नव्हतं, पण छत्री जागची हलत नव्हती. म्हणजे बघतायत, असं मी जिग्नेशला खुणेने सांगितलं. मग तिसरा, चौथा... तो डाव्या बाजूला झेपावला, उजव्या बाजूला झेपावला, त्या मनोरीच्या फॉरवर्डचं वरच्या कोपऱ्यात जाणारं हेडर त्याने दोन बोटांनी थोरल्यांवर ढकललं. असा गोलकीपर मी त्याच्या आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

पण काहीतरी चुकत होतं, आणि ते काय ते मला बराच वेळ कळेना. मागून आवाज येत नव्हता. स्वागत नाही, शिव्या नाहीत, थोरल्यांचे आभारसुद्धा नाहीत. जिग्नेश दुसऱ्यांदा आडवा झाला तेव्हा त्याने आमच्याकडे एकदा रोखून बघितलं. आमचा कावा त्याला कळला होता हे उघड होतं. आता बोलतोय चांगलं, म्हणून मी मान खाली घातली, पण तो काहीच बोलला नाही. ओठ गच्च मिटून पुन्हा बॉलकडे बघायला लागला. शेवटी तो मनोरीचा फॉरवर्डच कॉर्नरच्या वेळी त्याच्याजवळ जाऊन काळजीने म्हणाला, "काय रे, तब्येत ठीक आहे ना तुझी?" आमच्याने फक्त मान हलवली.

शिट्टी झाली. आम्ही जिंकलो! अख्खी टीम त्याच्या अंगावर जाऊन पडली, डबक्यासकट. रॉनी त्याला खांद्यावर घेऊन बाकाकडे धावला आणि आम्ही सगळे नाचत मागे. बाकावर छत्री होती. उघडी, कललेली, दांडा फळ्यांच्या फटीत खोचलेली. तिच्यामागे कोणी नव्हतं.

"साहेब कुठे गेले?" रॉनीने विचारलं.

आमचा गोलकीपर रॉनीच्या खांद्यावरून उतरला. सगळा वेळ मिटलेलं तोंड त्याने आता उघडलं.

"गेले. हाफटाइमलाच. त्या गोलच्या मागेच गेट आहे ना, तिथं गाडीत बसताना मला भेटले. सर पण त्यांच्याबरोबर गेले, येतो म्हणून छत्री ठेवून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझे बॅक फार चांगले आहेत. तुला काही कामच नाही. पुढच्या वर्षी बघू."

जिग्नेश मटकन चिखलात बसला. मी म्हणालो, "अरे, मग आम्हाला सांगायचं ना! आम्ही उगाच त्यांना आत सोडत होतो. गोल झाला असता म्हणजे?"

"सांगितलं असतं तर तुमच्या पायातलं बळच गेलं असतं. नोकरी तर गेलीच होती, मॅच पण गेली असती." त्याने मोजे काढले आणि त्यातलं पाणी पिळलं. "सगळ्या मॅच हरलो यार. एक तरी जिंकायला नको? आणि माझ्या तोंडाचा काय भरवसा! 'या, बसा' म्हणायला उघडलं असतं आणि तेच बाहेर पडलं असतं. म्हणून बंदच ठेवलं."

एवढं बोलून तो थोरल्यांकडे गेला. मघाचे आभार राहिले होते.

पुढचं वर्ष त्याच्या वाट्याला आलं नाही. घरात कोणीतरी कमावायला हवं होतं. कॉलेज सोडून तो मरोळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. मी एकदा त्याला सुटीच्या वेळेला गेटवर भेटलो. खांद्यावर पिशवी तीच, बुटांची. कसं चाललंय विचारलं तर म्हणाला, "झकास! फक्त मशीनचा आवाज एवढा असतो, की माझं कोणालाच ऐकू येत नाही."

"मग रे?"

"मग काय, बोलतो ना. बाबांना काल सगळी मॅच परत सांगितली. हसले."

त्या पावसाळ्यात नवा गोलकीपर आला. दादरच्या कोचकडे शिकलेला, शहाणा, मितभाषी मुलगा. खऱ्या चामड्याचे मोजे घालायचा. पहिल्या मॅचला आम्ही मैदानात उतरलो आणि कोणी काही न सांगता सगळे थोरल्यांच्या पुढे अर्धगोल करून उभे राहिलो. रॉनीने नारळ आणला होता. तो खांबाच्या पायाशी ठेवला. नवा मुलगा आमच्याकडे बघत होता.

"बोला ना कोणीतरी," जिग्नेश हळूच म्हणाला.

पण बोलणार कोण? गाऱ्हाणं आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं. सीझनभर ऐकलं होतं, पण मागायचं काम त्याचं होतं. डबक्यावर पाऊस पडत होता, रेफरी घड्याळ बघत होता.  मागे वळून हूं म्हणावं असं मला फार वाटलं.

मग रॉनीने छातीवर क्रूस काढला, आणि कोणीच काही मागितलेलं नसताना आम्ही सगळे एकदम ओरडलो, "व्हय म्हाराजा!"